सुधारलेली नदी

माझा एक भाचा दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत बंगळूरहून आमच्या दहिसरच्या घरी येतो. प्रवासाचा आणि छायाचित्रणाचा त्याला विलक्षण नाद आहे. लडाख, हंपी, मेघालय हे सर्व त्याने पालथे घातले आहे. परंतु मामाच्या घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावरचे मंडपेश्वर मात्र त्याने पाहिले नव्हते. दूरची तीर्थे करणाऱ्याचे गावातले देऊळ राहून जावे, तशातलाच हा प्रकार. म्हणून गेल्या दिवाळीत एके सकाळी मीच त्याला तेथे घेऊन गेलो. संध्याकाळी चहाच्या वेळी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि तो म्हणाला, "मामा, बघा, तुमचं मंडपेश्वर कसं दिसतंय!"

दिसत होते ते खरोखरच सुंदर. सकाळी आम्ही गेलो तेव्हा आकाश राखेच्या रंगाचे होते. चित्रात ते केशरी झाले होते. लेण्यापुढच्या मोकळ्या जागेत चेंडूफळी खेळणारी मुले दिसेनाशी झाली होती. पलीकडच्या इमारतींचे माथे ढगांत विरले होते. एवढे मी हसून सोडून दिले असते. कारण उपनगरात राहणाऱ्या माणसाला इमारती नाहीशा झाल्याचे दुःख सहसा होत नाही. परंतु पुढचे चित्र आतील एका भिंतीचे होते, आणि तिच्यावरील क्रूस नाहीसा झाला होता.

ज्यांनी मंडपेश्वर पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. हे शैव लेणे साधारण सहाव्या शतकातील समजले जाते. आत नृत्य करणाऱ्या शिवाचे मोठे शिल्प आहे. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले आणि वरच्या टेकाडावर मोठी वास्तू उभारली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली. त्या वास्तूचे आता भग्न अवशेष उरले आहेत. या सर्व उलाढालींत एका भिंतीवरचे मूळ शिल्प छिलले गेले आणि त्याच्या जागी क्रूस कोरला गेला. त्या भिंतीसमोर उभे राहिले, की दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांत भरतात: जे आहे ते, आणि जे तेथे होते ते.

"तो क्रूस काढलास का रे?" मी विचारले.

"लेण्याच्या मूडला तो जात नव्हता, मामा. बोट फिरवलं, गेला."

भाच्याच्या मनात कोणत्याही धर्माविषयी आकस नाही, हे मी जाणतो. घराच्या भिंतीवरचा डाग पुसावा तितक्या निर्वैरपणे त्याने तो क्रूस पुसला होता. मला अस्वस्थ केले ते याच गोष्टीने. ज्याने त्या शिल्पावर छिन्नी चालविली, त्याला कित्येक दिवस घाम गाळावा लागला असेल. शिवाय आपण काय केले हे लपविण्याची त्याची मुळीच इच्छा नव्हती. उलट ते सर्वांनी पाहावे म्हणूनच त्याने ते केले. त्याच्या कृत्याचा आपण खुशाल निषेध करावा, परंतु त्याचा पुरावा त्यानेच दगडात ठेवून दिला आहे. माझ्या भाच्याच्या बोटाला क्षणही लागला नाही, आणि मागे ओरखडाही राहिला नाही. त्या जागी यंत्राने आपल्या मनाने जो खडक भरला, तो तर मूळ खडकाहूनही अधिक प्राचीन दिसत होता!

येथे वाचकांचा असा ग्रह होऊ नये, की चित्रावरून हात फिरविणे हेच मुळी पाप आहे असे मी मानतो. तसे मानले तर छायाचित्रकलेच्या बालपणापासूनच्या सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल. त्या काळच्या ओल्या काचपट्ट्यांना निळा प्रकाश फार लवकर लागे. त्यामुळे खालची जमीन नीट उमटेपर्यंत वरचे आकाश नुसते पांढरे फटक होऊन जाई. ढग डोळ्यांना दिसत, काचेला दिसत नसत. म्हणून फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच यांचा संयोग करून आपली प्रसिद्ध सागरचित्रे सिद्ध केली. त्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. यंत्राने जे गाळले, ते त्याने परत आणले.

आपली मुंबईही या बाबतीत मागे नव्हती. येथे छायाचित्रकारांचे मंडळ १८५४ मध्येच स्थापन झाले होते. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नामांकित छायाचित्रकार. त्याच मंडळाच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन या गृहस्थाने मुंबईतील नाना जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे दोन भागांत, १८६३ आणि १८६६ साली, लंडनला प्रसिद्ध केली. या चित्रांत माणसे एकीकडची आणि देखावे दुसरीकडचे आहेत. स्टुडिओत उभ्या केलेल्या मंडळींच्या आकृती वेगळ्या काढून त्याने त्या बाहेरच्या दृश्यांवर बसविल्या. म्हणजे प्रवाशाला जे 'स्थानिक दृश्य' म्हणून दाखविले गेले, ते त्या स्थळी कधी घडलेच नव्हते. परंतु जॉन्सनच्या कात्रीचे काम नीट पाहणाऱ्याला आजही ओळखू येते. हाताच्या कामात हा एक अनाहूत प्रामाणिकपणा असतो.

पुढे यंत्र सुधारले आणि जोड दिसेनासा झाला. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर आडवे चित्र उभ्या पानात बसावे म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकविले. चार-साडेचार हजार वर्षे जागचे न हललेले ते दगड एका संपादकासाठी हलले! आपल्याकडच्या पावसाळ्याची आणि रेल्वेची अविस्मरणीय चित्रे काढणारे स्टीव्ह मॅकरी यांच्यावर २०१६ साली जो गहजब झाला, तो पुष्कळांना आठवत असेल. क्यूबातील रस्त्याच्या एका चित्रात खांबाचा तुकडा भलत्याच जागी आलेला कोणाच्या तरी दृष्टीस पडला, आणि मग त्यांच्या इतर चित्रांतून वस्तूच नव्हे तर माणसेही काढली गेल्याचे उघडकीस आले. आपण वार्ताहर नसून दृश्यांतून कथा सांगणारे आहोत, अशी भूमिका त्यांनी घेतली. कथाकाराला हे स्वातंत्र्य असतेच, आणि मीही जन्मभर वर्गात त्याचीच वकिली करीत आलो आहे. पण कथेतून वगळलेले माणूस मुळात नसतेच. छायाचित्रातून वगळलेले माणूस मात्र त्या दिवशी तेथे उभे असते.

हे सर्व मी भाच्याला मोठ्या आवेशाने ऐकवू शकलो असतो. प्राध्यापकाला आवेशाची वाण कधी पडत नाही. परंतु मी गप्प बसलो, आणि त्याचे कारण माझ्याच कपाटात होते.

२००३ च्या पावसाळ्यात मी एक लहानसा डिजिटल कॅमेरा विकत घेतला होता. त्याने काढलेल्या पहिल्या चित्रांपैकी एक आमच्या दहिसर नदीचे होते. तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून येणारी ही नदी जेमतेम बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. उद्यानाच्या हद्दीत ती ऋषिकन्या असते. वस्तीत शिरली, की तबेल्यांचे शेण, साबणाचे पाणी आणि प्लास्टिक यांनी तिची ओळख पटेनाशी होते. त्या दिवशी मात्र पाऊस नुकताच थांबला होता, पाणी भरभरून चालले होते आणि पुलावरून ती फार देखणी दिसत होती. चित्रात मला तीन गोष्टी खुपल्या: वरून गेलेल्या विजेच्या तारा, काठावरचा उकिरडा आणि वळणावरची चार-पाच झोपडी. संगणकावर दोन रात्री खपून मी त्या तिन्ही काढल्या. झोपड्यांच्या जागी पलीकडच्या काठावरची झाडी आणून लावली. अडाणीपणाने म्हणा, की मूळ पाहण्याची इच्छाच न उरल्यामुळे म्हणा, मूळ चित्राच्याच नावाखाली मी ते जतन केले. त्याची मोठी प्रत दिवाणखान्यात लावली. येणारेजाणारे विचारीत, "कोकणात कुठलं हे?" मी ऐटीत सांगे, "दहिसर!"

दोन वर्षांनी २६ जुलै आला. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आमच्या नदीने काठ सोडला. आमच्या तळमजल्यावर छातीइतके पाणी होते. वळणावरच्या झोपड्यांची काय कथा! त्यांपैकी एका घरातली बाई आमच्या इमारतीत धुण्याभांड्यांना येत असे. जीव वाचले, पण घर आणि घरातले सगळे कागद गेले. आठ-दहा दिवसांनी ती आमच्या दारात उभी राहिली.

"सर, तुमच्याकडं नदीचा फोटो आहे ना, पुलावरनं काढलेला? त्यात आमचं घर येत असंल. आम्ही तिथं राहत होतो त्याला काहीतरी पुरावा मागतात."

तिने ते चित्र पूर्वी पाहिले नसावे. घरातले कामही ती मागच्या दाराने येऊन करी. मी तिला दिवाणखान्यात नेले. तिने चित्राला अगदी नाक लावून पुलाच्या कठड्यापासून वळणापर्यंत बोट नेले, आणि ते बोट झाडीवर थांबले.

"हितंच होतं," ती म्हणाली. "हितं झाडं कधी होती?"

मी म्हणालो, "जुना फोटो असेल. नाही आलं त्यात." पन्नाशी उलटली तरी याहून लज्जास्पद वाक्य माझ्या तोंडून निघाल्याचे मला आठवत नाही. तिने विश्वास ठेवला, किंवा ठेवल्यासारखे केले, आणि ती "बरं" म्हणून गेली. त्या चित्राने तिचे काम झालेच असते असे नाही. सरकारी कचेरीत असल्या कागदाला किती किंमत मिळते कोण जाणे. परंतु तो प्रश्न विचारण्याची संधी मी उरू दिली नव्हती. महिन्याभरात ती मंडळी दुसरीकडे राहावयास गेली. चित्र मी भिंतीवरून उतरविले आणि कपाटामागे ठेवले.

त्या संध्याकाळी मी ते चित्र काढून भाच्यापुढे ठेवले आणि सर्व हकीकत सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आकाशाचा रंग तरी ठेवू ना, मामा?"

"ठेव की," मी म्हणालो. "ढगांनी कुठे पुरावा मागितला आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे त्या पुलावर गेलो. नदीला आता दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती आहेत. तळाशी काळ्या पाण्याचा ओहोळ होता, त्यात एक बगळा पाय मोजीत चालला होता आणि वर तारा पूर्वीपेक्षा वाढल्या होत्या. भाच्याने तारांसकट चित्र घेतले. नंतर त्याने विचारले, "त्या बाईंचं घर नेमकं कुठं होतं?"

मी हात वर केला खरा; परंतु ते वळणाच्या अलीकडे होते की पलीकडे, चार झोपड्यांतले पहिले की शेवटचे, हे काही केल्या नक्की आठवेना. घरी जाऊन चित्रात पाहून सांगतो, असे शब्द तोंडाशी आले आणि मला त्या झाडीची आठवण झाली.