गाळलेली जागा कुठे ठेवायची?

इंग्रजीच्या सरावाचं कुठलंही पुस्तक हातात आलं की धडे, चित्रं आणि किंमत मी नंतर बघते. आधी बघते गाळलेल्या जागा. वाक्यातला नेमका कुठला शब्द गाळलाय, यावरून लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते लगेच कळतं. तैपेईला नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने चिनी भाषकांसाठी छापलेलं सरावाचं पुस्तक आणून दिलं, तेव्हाही मी तेच केलं. चिनी सूचना तिने वाचून दाखवल्या. वाक्यं इंग्रजीत होती, आणि गाळलेल्या जागा पाहून मी चक्रावलेच. पानंच्या पानं 'ही' आणि 'शी' यांतला योग्य शब्द निवडण्याची! माझ्या डोंबिवलीच्या पाचवीतल्या मुलांनी ती मधल्या सुट्टीत संपवून 'बाई, पुढे?' म्हणून विचारलं असतं.

कारण तिनेच सांगितलं. चिनी माणूस बोलताना तो, ती आणि ते या तिघांनाही 'ता' म्हणतो. लिहिताना अक्षरं वेगळी असतात, उच्चार एकच. त्यामुळे उत्तम इंग्रजी बोलणारा चिनी साहेबसुद्धा बोलण्याच्या ओघात स्वतःच्या बायकोला 'ही' म्हणून जातो. आपलं दुखणं उलटं आहे. आपल्याकडे लिंगं तीन आणि ती सगळ्या जगाला वाटलेली. खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. मग मुलगा खुर्चीबद्दल 'शी इज ब्रोकन' लिहितो. त्याला हवं असलेलं पान 'इट'चं, आणि ते त्या पुस्तकात जेमतेम अर्धं. शिवाय आपल्याकडे आदरार्थी बहुवचन. आजोबा आले, सर आले. म्हणून 'माय ग्रँडफादर आर इन कल्याण'. या वाक्यावर लाल रेघ मारताना मला नेहमी थोडं जिवावर येतं, कारण त्या 'आर'मध्ये मुलाचे घरचे संस्कार असतात. पण मार्क जातात, म्हणून मारावी लागते.

तसंच 'हॅव'चं. मराठीत 'असणे' एवढं एकच क्रियापद, आणि मालकी दाखवायला वाटा अनेक: मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पेन आहे, माझं घर आहे. त्यामुळे सुरुवातीला 'टू मी टू ब्रदर्स आर' आणि 'निअर मी पेन इज' अशी वाक्यं येतात. नंतर कोणीतरी 'हॅव' शिकवतं, आणि मूल इतकं खूश होतं की 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणत आयुष्य काढतं. चिनीत 'यौ' नावाचं क्रियापद आहे. ते मालकीलाही चालतं आणि 'तिथे आहे' म्हणायलाही. त्यामुळे ती मुलं 'आय हॅव टू ब्रदर्स' बिनचूक म्हणतात आणि 'देअर हॅव मेनी पीपल' असं लिहून आपटतात. भूतकाळाचीही तीच गत. चिनी क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणून 'यस्टरडे आय गो'. आपल्या मुलांना काल म्हटलं की रूप बदलायचं हे आईच्या दुधातून माहीत असतं. त्यांना फक्त 'वेंट' ठाऊक नसतं, म्हणून ती 'गोड' लिहितात. या दोघांना एकच सरावपत्रिका देणाऱ्या माणसाला शिकवण्यातलं काही कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून सगळ्या शाळांत इंग्रजी आलं. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीत भेटायचं. चीनने पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, तिसरीपासून इंग्रजी सुरू करायचं ठरवलं. तिकडच्या बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत ७५०पैकी १५० गुण इंग्रजीचे असतात, त्यामुळे सरावाच्या पुस्तकांचा तिथे केवढा पूर आला असेल ते सांगायला नको. फरक इतकाच की त्यांची सरावपुस्तकं चिनी मुलाच्या चुका समोर ठेवून लिहिली जातात. आपल्याकडे ठाणे स्टेशनबाहेरच्या पुस्तकाच्या दुकानात अजूनही पहिल्यांदा हातात ठेवलं जातं ते रेन आणि मार्टिनचं व्याकरण. १९३०च्या दशकातलं हे पुस्तक मुळात हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज मुलांसाठी लिहिलेलं. त्यातला रेन साहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता आणि कादंबऱ्याही लिहायचा. पुस्तक चांगलंच आहे. पण ज्याच्या कानावर जन्मापासून इंग्रजी पडलंय त्याला व्याकरणाची नावं शिकवण्यासाठी ते आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्याच्या बरोबर उलट: मराठी वाक्य समोर ठेवायचं आणि तिथून इंग्रजीत उतरायचं. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकर घासून इंग्रजी कमावलं. आज ती वाक्यं वाचताना हसू येतं, पण सुरुवात कुठून करायची हे तर्खडकरांना बरोबर कळलं होतं.

आता उताऱ्याकडे येते, कारण खरी गंमत आणि खरी फसवणूक तिथेच आहे. दहावीच्या कृतिपत्रिकेत 'सीन' आणि 'अनसीन' असे उतारे असतात, आणि मुलं त्यांत बऱ्यापैकी मार्क मिळवतात. पालक निर्धास्त होतात. अशा पालकांसाठी मी एक उतारा रचला आहे. 'द झिंपल्स प्लिम्ड अ ट्रिव इन द मॉर्निंग बिकॉज दे वेअर ग्लप्पी.' प्रश्न पहिला: 'व्हेन डिड द झिंपल्स प्लिम अ ट्रिव?' प्रश्न दुसरा: 'व्हाय डिड दे प्लिम इट?' मुलं पटापट लिहितात: 'इन द मॉर्निंग', 'बिकॉज दे वेअर ग्लप्पी'. दोन्ही बरोबर, पूर्ण मार्क. झिंपल म्हणजे काय, ते मलाही माहीत नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उचलायची, एवढं तंत्र मुलांना पक्कं बसलेलं असतं. गाइडं तेच शिकवतात आणि काही शिकवण्याही.

हे तंत्र कुठे मोडतं ते दाखवण्यासाठी दुसरं वाक्य: 'द मॅन हू सोल्ड द फिश टू माय आंट वॉज फ्रॉम उरण.' उरणचं कोण? वर्गातली निम्मी मुलं लिहितात, 'माय आंट वॉज फ्रॉम उरण'. आणि ती ओळ उताऱ्यात अक्षरशः तशीच आहे! आंट, वॉज, फ्रॉम, उरण, सगळे शब्द ओळीने उभे. उचलणाऱ्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

यात मुलं अडतात कारण मराठी असं वाक्य वेगळ्या रीतीने बांधते. 'माझ्या मावशीला ज्याने मासे विकले, तो उरणचा होता.' 'ज्याने' म्हणून एक टोक सोडलं की पुढे 'तो' येऊन गाठ मारतो. इंग्रजीत ती गाठ नाही. 'हू' येतो, मधे मावशी आणि मासे येऊन जातात आणि एकदम 'वॉज' समोर उभा राहतो. तो कोणाचा हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवायचं. मी नियम सांगत बसत नाही. मुलांना कंस घालायला लावते. 'हू'च्या आधी कंस सुरू, आणि दुसरं क्रियापद दिसलं की त्याच्या आधी कंस पूर्ण. मग कंसातलं सगळं उचलून माणसाच्या आधी ठेवायचं: 'मावशीला मासे विकलेला माणूस उरणचा होता.' मराठीला ही दुसरी वाटही येते, हे मुलांना बोलून माहीत असतं, फक्त कोणी दाखवलेलं नसतं. चिनीत असं वाक्य याच वाटेने जातं, आधी वर्णन आणि मग माणूस. तैपेईच्या त्या पुस्तकातही वाक्यं फिरवून घेण्याचा सराव आहे, आणि तो पाहून मला फार बरं वाटलं. काही आठवडे कंस घातले की मुलं डोळ्यांनीच कंस घालू लागतात. मग पेन्सिल खाली ठेवली तरी चालते.

असाच दुसरा खड्डा म्हणजे दुसऱ्याचं बोलणं सांगणं. रमेश म्हणाला की मी उद्या येतो. यातला 'मी' रमेश, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इंग्रजीत त्या 'मी'चा 'ही' होतो, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' होतो, आणि उताऱ्यात चार पुरुष असले की कोणता 'ही' कोणाचा, यावर वर्गात मारामाऱ्या होतात. 'सुरेश टोल्ड रमेश दॅट ही हॅड लॉस्ट हिज पास.' कोणाचा पास हरवला? मूळ इंग्रजीतच हे नक्की सांगता येत नाही. सुरेशने रमेशला सांगितलं की माझा पास हरवला, हे मराठी वाक्य लख्ख आहे. इंग्रजी ही नेमकेपणाची भाषा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे उदाहरण मी राखून ठेवलं आहे.

ठाण्याला संध्याकाळी माझी मोठ्यांची बॅच असते. बँकेत, दुकानांत, कॉल सेंटरमध्ये काम करणारी माणसं, बहुतेक मराठी शाळेतली. त्यांना उतारा म्हणून मी डब्यातली साखळीची पाटी देते. 'टू स्टॉप ट्रेन पुल चेन' सगळ्यांना पाठ असतं. खालचा दंडाचा मजकूर मात्र त्याच डब्यात उभं राहून वर्षानुवर्षं प्रवास केलेल्यांनीही कधी वाचलेला नसतो. 'पेनल्टी फॉर यूज' इथवर वाचून एक ताई ठामपणे म्हणाल्या, "म्हणजे ओढली की दंड." पुढच्या 'विदाउट'ने वाक्य उलटं केलंय, योग्य आणि पुरेसं कारण नसेल तरच दंड, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मराठीत 'शिवाय' नामाच्या मागून येतं, म्हणजे कारण आधी कळतं. इंग्रजीत 'विदाउट' आधी आणि कारण नंतर, त्यामुळे घाईत वाचणारा मधेच उतरतो. मग एक हजारापर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद, आणि मधला तो 'अँड ऑर'. एक किंवा दुसरं किंवा दोन्ही. त्या दोन शब्दांवर आमचा अर्धा तास गेला आणि कोणालाही कंटाळा आला नाही.

शब्दसंग्रहाबद्दल मला फारशी काळजी नाही. १८५३च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोहोचली, तेव्हापासून या पट्ट्यात इंग्रजी शब्दांची आवक चालूच आहे. शाळेत जायच्या आधी डोंबिवलीच्या मुलाला फास्ट, स्लो, इंडिकेटर, पास, ब्रिज, सिग्नल, मेगाब्लॉक हे सगळं येतं. चिनी मुलाकडे हे भांडवल नाही. रेल्वेगाडीला त्यांचा शब्द सरळ 'आगगाडी' असाच आहे, आणि तो त्यांनी टाकलेला नाही. त्यामुळे त्यांची अर्धी सरावपुस्तकं शब्दांच्या याद्यांनीच भरलेली. आपल्याकडे शब्द असतात पण ते 'करणे' आणि 'होणे' यांच्या कडेवर बसून आलेले. गाडी कॅन्सल झाली, म्हणून 'ट्रेन वॉज कॅन्सल'. त्या 'कॅन्सल'ला शेपूट लागतं हे मुलाने कधी ऐकलेलंच नाही. म्हणून आमच्याकडे शब्दार्थांचा सराव कमी आणि क्रियापदांच्या तीन रूपांचा जास्त.

'क्लासात मराठी बोलायचं नाही' अशी पाटी लावा, असं मला पालक दरवर्षी सांगतात. एका ठिकाणी तर मराठी बोलल्यावर पाच रुपये दंड असल्याचंही मुलं सांगतात. मी अशा पालकांना 'अ' आणि 'ॲन'चा तास बसून बघायला सांगते. नियम सगळ्यांना पाठ: ए, ई, आय, ओ, यू आधी 'ॲन'. म्हणून 'ॲन युनिव्हर्सिटी', 'अ अवर', 'अ एमएलए'. मी म्हणते, शब्द देवनागरीत लिहा. युनिव्हर्सिटी: य, व्यंजन, म्हणून 'अ'. अवर: अ, स्वर, म्हणून 'ॲन'. एमएलए: ए, म्हणून 'ॲन'. वन-वे: व, म्हणून 'अ'. ऑनेस्ट: ऑ, म्हणून 'ॲन'. नियम स्पेलिंगचा नसून उच्चाराचा आहे, आणि आपली लिपी उच्चारच लिहिते. चिनी मुलाला ही सोय नाही. त्याला यादी पाठ करावी लागते. तासानंतर पाटीची मागणी सहसा परत येत नाही.

'द'ला मात्र आपण आणि चिनी एकाच होडीत. दोघांच्याही भाषेत तसला शब्दच नाही. तैपेईच्या पुस्तकात त्याचे नियम पानामागून पान भरून आहेत, रेन आणि मार्टिनमध्येही आहेत. मी मुलांना एवढंच सांगते की ऐकणारा 'कुठला?' म्हणून विचारेल का ते बघा. मला एक माणूस भेटला. कुठला? विचारणार, म्हणून 'अ मॅन'. मग त्या माणसाने टोपी काढली. आता कोणी विचारणार नाही, म्हणून 'द मॅन'. सूर्य? कोणी विचारत नाही, 'द सन'. बऱ्याच गाळलेल्या जागा यावर भरून निघतात. मग मागच्या बाकावरून एखादी हात वर करते.

"बाई, उल्हास नदी कुठली म्हणून कोणी विचारत नाही, म्हणून 'द उल्हास'. मग कल्याण कुठलं म्हणूनही कोणी विचारत नाही. 'द कल्याण' का नाही?"

"नदीला लागतो, गावाला लागत नाही. पाठ कर."