डोळा

पळशीत एसटीतून उतरलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. माघातली थंडी अजून मातीत होती. खानापूर तालुक्याच्या या मुरमाड टोकाला पाऊस कायम हात आखडता घेतो, आणि इथेच सांगली जिल्ह्यातली उत्तम द्राक्षं पिकतात.

रस्त्याकडेच्या मांडवाखाली वाकून पाहिलं. घडाघडाला वर्तमानपत्राचं पान गुंडाळलेलं. कडक थंडीत मणी गुलाबी पडतात आणि परदेशच्या गिऱ्हाइकाला हिरवाच मणी लागतो, म्हणून हा कागदी अंगरखा. निवडणुका, अपघात, सोन्याचे भाव, सगळं शिळं होऊन लोंबत होतं आणि त्याच्या आत गोडी भरत होती.

बागेत एक म्हाताऱ्या आजी कागद सारखे करत होत्या.

"कुठनं आला, पाव्हणं?"

"साताऱ्याहून. गडावर चाललोय."

"चालत? जावा की. ऊन व्हायच्या आत चढा." मग एका घडाचा कागद अलगद बाजूला करून म्हणाल्या, "पानी उतरलंय बगा आठ दिसामागं."

मण्यात पाणी उतरणं म्हणजे कडक, आंबट मणी मऊ पडून त्यात गोडी यायला लागणं. पण घडाची गोष्ट त्याच्याही कितीतरी आधी सुरू होते. एप्रिलात खरड छाटणी होते, वेल बोडका होतो. नव्या काड्या फुटतात आणि भर उन्हाळ्यात त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीआधी जाणते बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेतात, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतात आणि मगच कात्री कुठे लावायची ते ठरवतात. इवल्या कोंबाला 'डोळा' म्हणणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

बागा मागे पडल्या. वाट शुकाचारीच्या डोंगरात शिरली. खैर, बोरी, पिवळं पडलेलं कुसळी गवत. पायजम्याला कुसळं आणि कानात चंडोलाची शीळ. रंभेला चुकवायला शुकमुनी इथल्या कड्यात शिरले आणि तिथेच गुप्त झाले, असं सांगतात. शुकाचार्यांच्या देवळापाशी झाडांची दाट सावली आहे. तिथे बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. एवढ्या उघड्या माळाने एवढी सावली कुठे लपवून ठेवली होती, कोण जाणे.

हा डोंगर महादेवाच्या रांगेतला. साताऱ्याकडून ही रांग येते, वर्धनगड, महिमानगड अंगावर वागवत, आणि खानापूरच्या माळावर बाणूरगड उचलून धरते. कागदोपत्री हा भूपाळगड. गडाच्या पोटातच गाव आहे. ढासळलेल्या तटाच्या आत घरं, गोठे, कडब्याच्या गंजी, आणि वाळत घातलेल्या गोधड्या. गड बघायला येणाऱ्यांना हे खटकतं. मला मात्र राबता असलेला गड ओस गडापेक्षा जास्त जिवंत वाटतो.

1679 च्या एप्रिलात मोगल सरदार दिलेरखानाने हा गड घेतला. संभाजीराजे तेव्हा त्याच्या छावणीत होते. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा, 1660 मध्ये चाकणचा किल्ला झुंजवणारे. गड पडल्यावर हाती लागलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडल्याचं इतिहासकार सांगतात. या उन्हात ते वाक्य आठवलं आणि पाणी प्यायला काढलेली बाटली तशीच हातात राहिली.

वर महादेवाचं देऊळ, आणि तिथेच बहिर्जी नाईकांची समाधी. शिवाजीराजांच्या हेरखात्याचे नाईक. 1664 च्या सुरत मोहिमेआधी त्या शहराची खडान्‌खडा माहिती आणली ती यांनीच, असं परंपरा सांगते. आयुष्यभर दुसऱ्याच्या वेशात वावरलेला हा माणूस अखेर स्वतःच्या नावाने इथे विसावला. राज्याचा डोळाच तो. कुणाला न दिसता, आत घड धरून बसलेला. पायातल्या वहाणा काढल्या, दगडावर हात टेकला. दगड उन्हाने कोमट झाला होता.

तटावरून खाली पाहिलं. तपकिरी माळावर मांडवांचे हिरवे चौकोन आणि मधेमधे चमकणारी शेततळी. एकेकाळी या भागात बागा टँकरवर जगवल्या आहेत. मग टेंभू योजना आली. टेंभू म्हणजे कराडजवळचं, आगरकरांचं जन्मगाव. तिथे उचललेलं कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चढून सातारा जिल्ह्यातून या दुष्काळी पट्ट्यात येतं. गडकऱ्यांनी खडकात टाकी खोदून पावसाचा थेंब अडवला. आजच्यांनी नदीच डोंगर चढवली. विजेचं बिल हा मात्र वेगळा अध्याय, तो बागायतदारापाशी काढू नये.

उतरेपर्यंत सावल्या लांबल्या. आजी अजून बागेतच होत्या.

"काय बगितलं गडाव?"

"नाईकांची समाधी."

"व्हय." त्यांनी पदराला हात पुसले. "बाग पयल्यांदा धरली तवा पयला घड तितंच ठिवला हुता आमच्या मालकांनी."

मग एका घडाचा सुटलेला कागद त्यांनी पुन्हा नीट गुंडाळला, आणि पुढच्या वेलाकडे वळल्या.