जाऊबाईंचा चेहरा

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी सत्तावीस वर्षे साडीच्या दुकानात काउंटरला काढली. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाईकडे एक नजर टाकली, की तिच्या मनात कोणता रंग आहे आणि तिच्या पाकिटात किती पैसे आहेत हे त्यांना कळते. गेल्या पावसाळ्यात मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसू लागला. महिन्याभरातच म्हणाला, "मावशी, तुम्ही आता आत गोदामात घड्या घालत जा. काउंटरला जरा तरुण चेहरे हवेत." काउंटर गेले म्हणजे विक्रीवरचे कमिशन गेले. लेकीच्या नर्सिंगची फी त्यातूनच जात होती.

आम्हा दोघी धाकट्या जावांना त्यांनी यातले काही सांगितले नाही. आम्हाला कळले ते त्यांचे गाल भाजल्यासारखे लाल झाल्यावर. ओळखीच्या पार्लरवालीने एक ट्यूब सुचवली होती. मेडिकलमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळाली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला, की चाळीतल्या बायका विचारू लागल्या. ट्यूब संपली, चार दिवस लावली नाही, तर गॅसपुढे उभे राहवेना इतकी आग. पुन्हा लावली की शांत.

सरकारी रुग्णालयातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब वाचली आणि बाजूला ठेवली. त्यात स्टेरॉइड होते. अशा मलमाने कातडी काही दिवस उजळते, मग पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, बायकांच्या गालांवर लव वाढते. सोडायला गेले की आग होते, म्हणून माणूस लावतच राहतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. मेडिकलवाल्याला तो ठाऊक नसेल असे आम्हाला वाटत नाही.

"मग बाई, चेहरा तरुण करायचा खरा उपाय कोणता?" धाकटीने विचारले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. बोटॉक्सचे इंजेक्शन कपाळाचे स्नायू सैल करते, आठ्या जातात, पण तीन-चार महिन्यांत परत येतात आणि पुन्हा सुई. फिलर म्हणजे खोल गेलेल्या गालात भरायची जेल. तीही काही महिन्यांनी विरते. कच्च्या हाताने ती रक्तवाहिनीत गेली, तर कातडी मरते, क्वचित डोळाही जातो. लेझर आणि ॲसिडचे पील आपल्या सावळ्या कातडीवर जोरात केले, तर काळे डाग उरतात. फेसलिफ्टमध्ये कानापुढून मागेपर्यंत कापून कातडी आणि तिच्या खालचा थर ओढून घेतात. परिणाम काही वर्षे टिकतो, पण सूज उतरायला दोन-तीन आठवडे जातात, आणि खालून चेहऱ्याची नस जाते, तिला इजा झाली तर तोंड वाकडे होऊ शकते. पापणी लोंबून नजरेवर येत असेल, तर मात्र ती उचलण्याची शस्त्रक्रिया हौसेची नव्हे, गरजेची.

शस्त्रक्रिया म्हणताच जाऊबाई दचकल्या. खरे तर ही विद्या आपल्याकडचीच. कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. पुण्याजवळच्या वीटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते छापून आले, तेव्हा तिकडचे डॉक्टर शिकले. त्या कारागिराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

जाता जाता डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दाढा केव्हा गेल्या?" जाऊबाई पदर तोंडाशी नेत म्हणाल्या, "मिश्री लावायची सवय होती." दात गेले की जबड्याचे हाड झिजते, ओठ आत जातात, हनुवटी नाकाकडे सरकते. निम्मे म्हातारपण तिथे होते! आम्ही तिघी इतकी वर्षे एका मोरीवर तोंड धुतो, पण आमच्या ते लक्षात आले नव्हते.

त्या आठवड्यात विहारात अंबपालीच्या गाथांवर प्रवचन होते. केसांपासून पायांपर्यंत तिचा एकेक अवयव कसा जीर्ण झाला, ते भन्तेजी समजावून सांगत होते. बाहेर आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "खरे आहे सगळे. पण अंबपालीला कुणी गोदामात बसवले नव्हते." आम्हाला उत्तर सुचले नाही. अनित्यता आम्ही मानतो. मालकाच्या मुलाने ती आमच्याच पगारातून का कापावी?

ट्यूब डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटली. सरकारी दंत महाविद्यालयात पाच-सहा खेपा घालून कवळी बसवली. मिश्रीची डबी धाकटीने कचऱ्यात टाकली, त्यावरून दोन दिवस अबोला होता. मग एका सकाळी जाऊबाई स्वतःच गल्ल्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षीचे विक्रीचे वहीखाते काढा, माझ्या नावापुढे काय लिहिले आहे ते बघा." आता शनिवार-रविवारी त्यांना काउंटर मिळते. बाकीचे दिवस गोदामच. गालांवरचा लालपणा अजून थोडा आहे, आणि चकली खाताना कवळी हलते म्हणून त्या ती चहात बुडवून खातात.