मागचं गेट

फेब्रुवारीत पोरगा पुण्याहून गाडी घेऊन आला आणि रात्री जेवताना म्हणाला, "आप्पा, उद्या नाशिककडच्या वायनरी बघायला जाऊ. आईलाही घेऊ." मी म्हटलं, "तुझ्या बापानं वायनरी बघितलीय रे." पण मी बघितलं होतं ते फक्त मागचं गेट.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. २००१ साली सरकारनं वाईनचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झाला, गावोगाव बैठका सुरू झाल्या. २००५ला आम्ही दोघा भावांनी दोन एकर वाईनची द्राक्षं लावली, एक एकर शिराज आणि एक एकर चेनिन. वडील माळकरी. त्यांनी एवढंच विचारलं, "दारूसाठी लावतोस का?" मी म्हटलं, "आपण द्राक्षं पिकवायची, पुढचं त्यांचं ते बघतील." ते गप्प बसले.

काम सोपं होतं. थॉमसनला घड जीएत बुडवा, मणी विरळ करा, बायांची टोळी महिनाभर सांभाळा. इथं ते काहीच नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. सगळं कारखान्याला चालतं. पण त्यातच गोम होती. असलं द्राक्ष बाजारात कोण खाणार? विकत घेणारा एकच, आणि त्यानं नाही म्हटलं की संपलं.

२००८च्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला, जगात मंदी आली, हॉटेलं ओस पडली आणि वाईनचा खप बसला. त्याची झळ आमच्या बांधापर्यंत यायला वर्ष लागलं. २०१०च्या हंगामात करार केलेल्या कारखान्याच्या मागच्या गेटवर माझा ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिला. वजनकाट्यावरचा पोरगा पहाटे म्हणाला, "टाक्या फुल आहेत, माल परत न्या." क्रेटमधून रस गळायला लागला होता, आंबूस वास सुटला होता. तो माल बांधाला ओतला. पुढं खोडं कापली, अँगल आणि तारा तेवढ्या ठेवल्या. वडील त्यावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर असा मी, आणि सकाळी सूनबाई मला टोपी नीट करून गाडीत बसवत होती.

पहिला मुक्काम मिसळीचा. नाशिकच्या आसपास आता बागेतल्या मिसळीचं पेव फुटलंय. द्राक्षाच्या मांडवाखाली टेबलं, चुलीवरचा रस्सा, पापड, दही, जिलेबी. वर घड लोंबतायत आणि खाली पुण्या-मुंबईची माणसं फोटो काढतायत. मालक मूळचा बागायतदार निघाला. मी विचारलं, द्राक्षं परवडतात का? तो हसला. "दादा, द्राक्षाचा भाव व्यापारी ठरवतो. मिसळीचा मी ठरवतो." घरी येईपर्यंत हे वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. रस्सा मात्र हिला पातळ वाटला.

मग गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाला गेलो. राजीव सामंतांनी नव्वदीच्या अखेरीस इथं वेली लावल्या तेव्हा आमच्याकडं हसण्यावारी नेणारेच जास्त होते. आता गाड्या लावायला जागा मिळेना. पोरानं तिकिटं काढली. गेटवरच्या माणसानं मला "या सर" म्हटलं. वजनकाट्यावर मला कुणी सर म्हटलं नव्हतं.

एका मुलीनं आम्हाला आत फिरवलं. स्टीलच्या उंचच्या उंच टाक्या, हात लावला तर गार. पांढऱ्या वाईनला आधी रस काढून घेतात. लालला सालीसकट आंबवतात, रंग सालीतूनच उतरतो. पुढं अंधाऱ्या खोलीत ओकच्या लाकडाची पिंपं. ही म्हणाली, "म्हणजे लोणचंच की, मुरवायचं." मुलीला ते फार आवडलं. आम्ही ज्याला चेनिन म्हणायचो त्याला ती शेनाँ म्हणत होती. बारा महिन्यांची सगळी कामं केली त्या वेलीची, आणि नाव तेवढं चुकीचं घेत होतो.

शेवटी चव बघायला ग्लास दिले. माळ वडिलांच्या गळ्यात होती, माझ्या नाही, तरी मी घोट घेतला नाही. सूनबाईनं घेतला, ही खिडकीबाहेर धरण बघत राहिली. मुलगी म्हणाली, "हा शिराझ. काका, नुसता वास तरी घ्या, काळ्या मिरीसारखा येतो." मी ग्लास नाकाशी धरला. मला मिरी सापडली नाही. गळणाऱ्या क्रेटची ती रात्र आठवली. ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, छान आहे.

दुपारी दिंडोरीकडं वळलो. तिथं एका लहान वायनरीचं हॉटेल होतं, पिझ्झा आणि पास्ता. हिच्यासाठी पोरानं भात आहे का विचारलं, तर होता. जेवण येईपर्यंत मी पाय मोकळे करायला म्हणून निघालो आणि इमारतीला वळसा घालून बरोबर मागच्या बाजूला पोचलो. पाय आपोआप गेले म्हणा.

तीन ट्रॅक्टर उभे होते, क्रेट भरलेले. पहिल्या ट्रॅक्टरवर तिशीतला एक पोरगा मोबाईल बघत बसला होता. मी विचारलं, "शिराज का?"

"हो बाबा. तुम्ही हॉटेलात आलात ना? तिकडून रस्ता आहे."

"किती वेळ झाला उभा राहून?"

"दोन तास. ब्रिक्स बघतायत." थोडं थांबून म्हणाला, "बावीसच्या वर पाहिजे म्हणतात. बसेल का, काय माहीत."

मी क्रेटमधला एक मणी उचलला, चावला, बिया तळहातावर काढल्या. हिरवट बी असेल तर माल कच्चा. या तपकिरी होत्या, दाताखाली कडक.

"बसेल," मी म्हटलं.

त्यानं मोबाईल खिशात घातला आणि खाली उतरला. "तुमचीपण बाग आहे का, बाबा?"

तिकडून सूनबाई हाक मारत होती, भात गार होतोय म्हणून. मी तिला हातानं खूण केली, पाच मिनिटं, आणि त्याच्या ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा राहिलो.