ठिगळाचा फाँट

एका फाँटापायीं आम्हीं तीन रविवार घालविले, हें ऐकून घरांत सर्वांस हसूं लोटलें. परंतु या खटाटोपास कारण होतें. परीक्षेच्या गुणांची बेरीज करणारी एक लहानशी आज्ञावली आम्हीं स्वतः लिहिली होती. तींत एका विद्यार्थ्याच्या बैठक क्रमांकांत शून्याच्या जागीं आमच्या हातून इंग्रजी 'ओ' पडला. पडद्यावर दोहोंचें रूप जवळजवळ एकच. दोनदां तपासूनहि तें नजरेस आलें नाहीं, आणि बिचारा यादींत गैरहजर ठरला. निकाल पुढें दुरुस्त झाला, पण त्याच्या दोन रात्री गेल्या त्या गेल्याच. दोष फाँटाचा म्हणावा, तर फाँट निवडला कोणीं?

आज्ञावलीस ज्या फाँटांत सडपातळ 'आय'ला व ऐसपैस 'एम'ला सारखीच जागा मिळते तो बरा. त्यानें ओळींचे रकाने सरळ उभे राहतात. त्या प्रसंगापासून आमची कसोटी मात्र एकच: शून्य व ओ, एक व एल हे निरनिराळे दिसले पाहिजेत. अडोबीचा 'सोर्स कोड प्रो' शून्याच्या पोटांत टिंब देतो. तो आम्हांस तत्काळ पटला.

इतक्यांत चिरंजीवांनीं आमचें टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करावयाची ती काळी खिडकी, सजवून दिली. फायलींच्या नांवांपुढें चित्रें यावयाचीं, तों सर्वत्र रिकाम्या चौकटी! हीं चित्रें मूळ फाँटांत नसतात. ठिगळासारखीं जोडावीं लागतात. 'नर्ड फाँट्स' या उपक्रमांत हाच उद्योग चालतो: तयार फाँट घ्यावयाचा व त्यास दहा हजारांहून अधिक चित्रें चिकटवावयाचीं. युनिकोडनें खासगी वापरासाठीं मोकळ्या सोडलेल्या जागांत बहुतेकांचें बिऱ्हाड असतें. कांहीं चित्रें कुंपण ओलांडून चिनी अक्षरांच्या आवारांत शिरलीं होतीं; २०२३ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत त्यांस तेथून हलविलें. मूळ नांव राखून ठेवण्याची मुभा परवान्यांत असल्यामुळें आमच्या फाँटाचा ठिगळाचा अवतार 'सॉस कोड प्रो' म्हणवितो. बारसें विनोदी खरें. तथापि मालकाच्या नांवाचा एवढा मान राखलेला पाहून आम्हांस बरें वाटलें.

पुढें पुन्हां पेंच. 'मोनो' प्रकारांत चित्र एका अक्षराच्या घरांत कोंबतात, तें आमच्या चष्म्यासहि मुंगीएवढें दिसतें. दुसऱ्या प्रकारांत तें मोठें असतें, पण शेजारच्या घरांत पाय पसरतें. चिरंजीव मोठ्याच्या बाजूचे. आमचें काम रकान्यांचें, म्हणून आम्हीं 'मोनो' घेतला. चित्रें न दिसलीं तरी आमचें अडत नाहीं.

अडतें तें निराळ्याच ठिकाणीं. विद्यार्थ्यांचीं नांवें मराठींत लिहावीं हा आमचा हट्ट, आणि इतक्या चित्रांच्या गर्दींत देवनागरीचें एक अक्षर नाहीं! संगणक तीं दुसऱ्या फाँटांतून उसनीं आणतो. 'श्री' एका घरांत मावत नाहीं, वेलांटी शेजाऱ्याच्या अंगावर जाते, आणि पुढचे सारे रकाने वांकडे होतात. सध्यां आम्ही नांवें ओळीच्या अगदीं शेवटीं लिहितों; त्यांच्यापुढें बिघडावयास कांहीं उरत नाहीं.