नावाची लांबी

माणसाचे नाव किती लांब असते, या प्रश्नाचा विचार करण्याची वेळ आमच्यावर सत्तरी उलटल्यावर येईल, असे कोणत्याही ज्योतिषाने वर्तविले नव्हते. आमची अवघी नोकरी हिशेबखात्यात गेली. तेथे आम्ही माणसांची नावे हजारांनी उतरविली, परंतु त्यांची लांबी कधी मोजली नाही. नाव रकान्यात मावले नाही तर ते दुसऱ्या ओळीवर न्यावे, एवढीच आमची रीत. ही रीत फार शहाणपणाची होती, हे कळण्यासाठी मात्र आम्हांला संगणकाची शिकवणी लावावी लागली.

योग आला तो इंदूरच्या आमच्या मंडळामुळे. मंडळाच्या सभासद-कुटुंबांची नोंद आजवर कापडी बांधणीच्या जाड चोपड्यांत होत असे. कोणाचे पणजोबा होळकरांच्या दप्तरात मोडी लिहीत होते, कोण ग्वाल्हेरीहून येथे आले, कोणाची लेक बऱ्हाणपुरास दिली, हे सारे त्या चोपड्यांत आहे. आता मुले देशोदेशी पांगली. त्यांना घरबसल्या ही सूची पाहता यावी म्हणून ती संगणकावर न्यावी, असा ठराव झाला. ठरावास सर्वांनी अनुमोदन दिले आणि कामास कोणीच नाही. अखेर 'तुम्हांला वेळच वेळ आहे' या एकमेव पात्रतेवर ते आमच्या गळ्यात पडले. आमची पुतणी हाच विषय महाविद्यालयात शिकविते. तिने दोन सुट्ट्या खर्चून आम्हांला पीएचपी आणि जावास्क्रिप्ट या दोन भाषांची मुळाक्षरे गिरवायला लावली.

या भाषांत ओळीने मांडलेल्या अक्षरांना 'स्ट्रिंग' म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे दोरी. आम्ही मनाशी तिला 'माळ' म्हणू लागलो. ही माळ मोजता येते, कापता येते, दुसरीस जोडता येते, तिच्यातला एक मणी काढून दुसरा ओवता येतो. संकेतस्थळाचे निम्मे काम म्हणजे ही माळेची उठाठेवच असते. पुतणीने पहिला धडा दिला तो माळ उलटी करण्याचा. शब्द उलटा करून मूळ शब्दाशी ताडून पाहावा. दोन्ही सारखे आले तर ते विलोमपद. आम्ही 'कनक' दिले. यंत्राने मान डोलाविली. उत्साहाने 'नवजीवन' दिले. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, नवजीवन ते नवजीवनच. पण यंत्राने ते उलटून 'नवीजवन' असे काहीतरी आमच्या हाती ठेवले आणि हे विलोमपद नव्हे, असा निर्वाळा दिला. 'जी'ची वेलांटी त्याने 'ज'पासून सोडवून शेजारच्या 'व'ला नेऊन चिकटविली होती.

आम्ही हसलो. हे हसणे पुढे आम्हांला महागात पडले.

सूचीचा अर्ज तयार झाला. एका रविवारी आम्ही मंडळाच्या सभागृहात संगणक मांडून बसलो आणि ज्यांनी त्यांनी आपले नाव आपल्या हाताने भरावे, असे सांगितले. कोणी नावाच्या जागी आकडे किंवा स्वल्पविराम टाकू नयेत म्हणून आम्ही एक पहारेकरी बसविला होता. या पहारेकऱ्याला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात; माळेतला प्रत्येक मणी ठरल्या जातीचा आहे की नाही, एवढे तो पाहतो. त्याचा सर्वांत साधा इंग्रजी नमुना तर मराठीचे एकही अक्षर अक्षर म्हणून ओळखत नाही. त्याला फक्त रोमन लिपी, इंग्रजी आकडे आणि शब्दाखालची रेघ ठाऊक. तो आम्ही आधीच बदलला होता, आणि जगातील कोणत्याही लिपीतील 'अक्षर' चालेल, असा उदार हुकूम दिला होता. कमल नावाच्या बाई आल्या. त्यांचे नाव दाखल झाले. शरदराव आले, झाले. मग सुधाताई आल्या, आणि यंत्र म्हणाले, 'कृपया योग्य नाव भरा.' मीरा, विजया, गोविंद, सगळ्यांना तेच उत्तर. ज्यांच्या नावात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी, उकार, अनुस्वार काहीही नाही, तेवढेच आत. बाकीचे बाहेर रांगेत.

पुतणीला दूरध्वनी केला तेव्हा उलगडा झाला. युनिकोड नावाची जी जागतिक वर्णव्यवस्था आहे आणि जिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तिच्यात देवनागरीला १२८ जागांची पेटी दिलेली आहे. त्या पेटीत 'क' हे अक्षर आहे. पण काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरे नव्हेत, त्या 'खुणा' आहेत, त्यांचा वर्ग निराळा. आम्ही पहारेकऱ्याला अक्षरे आत सोड म्हणालो होतो. खुणांविषयी काही बोललो नव्हतो. त्याने हुकूम तंतोतंत पाळला.

त्या रांगेत आमची आत्या बसली होती. नव्वदीची आहे, मंडळातली सर्वांत ज्येष्ठ सभासद. नाव कृष्णाबाई. पण आमच्या घरी जन्मली ती कमल म्हणून. १९५३ साली तिचे लग्न बऱ्हाणपुरास झाले, ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि कमलची कृष्णा झाली. आमचा खुलासा ऐकून ती म्हणाली, "म्हणजे या तुझ्या यंत्राला माझे माहेरचे नाव चालते, सासरचे चालत नाही!" सभागृह हसले. आम्हीही हसलो. पहारेकऱ्याचा हुकूम आम्ही दुरुस्त केला, आणि संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर घरे दाखल झाली.

खरी फजिती पुढच्या आठवड्यात झाली. नावे पत्त्याच्या चिठ्ठीवर मावावीत म्हणून आम्ही प्रत्येक नाव तिसाव्या मण्यावर कापण्याची आज्ञा लिहिली होती. इंग्रजी नावांवर ती करून पाहिली होती. ती नीट मावली. मराठी चिठ्ठ्या छापून आल्या तेव्हा आत्याच्या चिठ्ठीवर होते 'श्रीमती कृ', आणि त्यापुढे काळ्या चौकटीतले एक प्रश्नचिन्ह.

तीस मणी कोठे गेले? यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल, आणि तो आमच्या जुन्या धंद्यातला असल्याने वाचकांनी सोसावा. संगणक साठविताना अक्षर साठवीत नाही, बाइट साठवितो. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेली यूटीएफ-आठ ही पद्धत आज बहुतेक सर्व संकेतस्थळे वापरतात. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. पीएचपी ही भाषा रास्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली जगापुढे ठेवली ती आपल्या स्वतःच्या पानासाठी केलेली अवजारे म्हणून. तिची मूळची मोजपट्टी बाइटचीच. ती मुळापासून युनिकोडवर उभी करण्याचा मोठा प्रयत्न झाला, तोही २०१० साली सोडून देण्यात आला. त्यामुळे तिला 'तीस' म्हटले की ती तीस बाइट मोजते. 'श्रीमती' या शब्दातच सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट. मधली मोकळी जागा बाविसावा. उरलेल्या आठांत 'कृ'चे सहा बसले, आणि 'ष'च्या तीन बाइटांपैकी दोनच आत आले. त्या दोन तृतीयांश 'ष'चे काय करावे, हे न कळून यंत्राने प्रश्नचिन्ह काढले.

पुतणी म्हणाली, "काका, बाइट मोजू नका, चिन्हे मोजा. त्यासाठी निराळी आज्ञा आहे." तीही वापरली. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यासाठी आम्ही बारा चिन्हांची मर्यादा घातली होती. तेथे आता प्रश्नचिन्ह गेले, पण नाव झाले 'श्रीमती कृष्'. 'ण' पलीकडे राहिला आणि 'ष'चा पाय मोडलेला.

आमच्या लहानपणी छापखान्यात खिळे जुळविणारा माणूस असे. त्याच्या खणांत अर्धी अक्षरे निराळी, पुरी निराळी. ओळ संपली तर तो शब्द पुढे नेई; पण जोडाक्षर मध्येच तोडून उरलेले टाकून देणे त्याला स्वप्नातही सुचले नसते. यंत्राला ते सुचते, कारण त्याच्या लेखी जोडाक्षर नावाची वस्तू मुळात साठविलेलीच नसते. उदाहरण म्हणून आमच्या माळव्यातील नदीचे नाव घ्या: क्षिप्रा. शाळकरी पोर म्हणेल, अक्षरे दोन. पीएचपीची जुनी मोजपट्टी म्हणते चोवीस. चिन्हांची मोजपट्टी म्हणते आठ: क, पायमोड, ष, वेलांटी, प, पायमोड, र, काना. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत पहिला आराखडा उभा केलेली जावास्क्रिप्टही आठच म्हणते. आणि वाचकाच्या डोळ्यांना दिसणारे अक्षर मोजण्याचा दावा करणारी जी तिसरी मोजपट्टी आहे, ती कित्येक वर्षे चार म्हणत होती. जोडाक्षर हे एक अक्षर होय, ही गोष्ट युनिकोडच्या या नियमात २०२३ सालच्या सुधारणेने आली, आणि तेव्हापासून नव्या यंत्रणेत उत्तर दोन येते. शाळकरी पोराच्या उत्तरापाशी पोहोचायला एवढी वर्षे लागली.

हे सारे शोधून काढण्यात आमचा आठवडा गेला, आणि तेवढे दिवस ती अर्धी नावे तशीच राहिली. आत्याच्या नातवाने तिला भ्रमणध्वनीवर सूची दाखविली. तिने आम्हांला बोलावून घेतले. रागावली नाही. चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिले आणि म्हणाली, "अरे, लग्नात नाव बदलले, तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. आता कापताना तूही विचारले नाहीस?"

यंत्राची बाजू मांडण्यासाठी आम्ही तोंड उघडले आणि मिटले. बाइट आणि चिन्हे यांची सगळी सबब आमच्यापाशी तयार होती. पण तीस हा आकडा यंत्राने घातला नव्हता, आम्ही घातला होता.

घरी येऊन कामाला बसलो तो एक दुसराच घोटाळा सापडला. गावांची यादी काढली तर बऱ्हाणपूर दोनदा आले. दोन्ही अगदी सारखे दिसत होते, तरी यंत्र म्हणे ही दोन गावे. अर्धी घरे एकात, अर्धी दुसऱ्यात. आत्याचे सासर आणि तिच्या दिराचे घर निराळ्या गावांत पडले. आपला हा डोळ्याच्या पापणीसारखा आडवा 'र' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत मराठीचा खास, नुक्ता असलेला 'र' घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा 'र', पायमोड आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा एक सांधा घालतात. पडद्यावर रूप एकच, पोटात माळ निराळी. हे न जाणता 'अदृश्य कचरा काढून टाका' अशी आज्ञा आम्ही दिली, आणि तो सांधा कचऱ्याबरोबर गेला. क्षणात निम्म्या घरांचे गाव 'बर्हाणपूर' झाले. पापणी जाऊन डोक्यावर रफार बसला. मग चोपडी उघडून सारी नावे पुन्हा ताडून पाहिली, आणि सांध्याची तऱ्हा दिसेल तेथे नुक्त्याची तऱ्हा ओवावी, असा उलट नियम केला. तापीकाठचे ते गाव पुन्हा एक झाले.

कापण्याची आज्ञा मात्र आम्ही दुरुस्त केली नाही. ती पुसून टाकली. तिसऱ्या मोजपट्टीने अक्षर न तोडता कापता आले असते. पुतणीने तसे लिहूनही दिले होते. पण 'श्रीमती कृष्णा' एवढेच ठेवून 'बाई' गाळण्याचा तरी आम्हांला काय अधिकार? हिशेबखात्याची जुनी रीत आठवली. नाव मावले नाही तर दुसऱ्या ओळीवर जावे. चिठ्ठीलाही तेच सांगितले, पडद्यालाही तेच. सांगणे एका ओळीचे होते आणि यंत्राने ते विनातक्रार ऐकले.

नंतर आत्याकडे गेलो आणि तिची नोंद तिच्याकडूनच भरून घेतली. "नाव काय लिहू?" असे विचारले. एवढ्या वर्षांत तिला हा प्रश्न कोणी केला असेल, असे वाटत नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दोन्ही लिही. मला कमल म्हणणारे आता कोणी उरले नाही. निदान कोठेतरी लिहिलेले असू दे." आम्ही एकेक अक्षर हळूहळू दाबत गेलो, ती पाहत राहिली: श्रीमती कमल ऊर्फ कृष्णाबाई.

सूचीची छापील प्रतही यंदा निघाली. तिच्यात आत्याच्या नावाला दोन ओळी लागल्या आहेत.