गाडीचे मेण आणि संत्र्याचे मेण

हिवाळ्यासाठी गाडीला मेण लावायचे आहे, असे लोधीखेड्यात मोठ्याने बोलले तर माणसे हसतात. आपल्याकडे मेण म्हणजे मेणबत्ती, नाहीतर टाचेच्या भेगांचे मलम. इथे बर्फ पडत नाही, रस्त्यावर कोणी मीठ टाकत नाही, आणि पौषातली थंडी शेकोटीपुढे बसून निघून जाते. मग गाडीला जपायचे कशापासून? आमच्या बाबांचा हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर देता देता जे शिकलो ते या अंकासाठी लिहितो आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरी एखादी जुनी गाडी आहे आणि नवी घेणे सगळ्यांनाच जमणारे नाही.

आमची ओम्नी २०१२ सालची. २०१९ मध्ये ही गाडी बनायचीच बंद झाली, त्यामुळे तशीच दुसरी नवी मिळणार नाही. बाबांना दुसरी कुठलीही गाडी चालवण्याची सवय नाही, आणि या वयात ती लागेल असे वाटत नाही. आईला दर महिन्याला नागपूरला डॉक्टरांकडे न्यायचे ते याच गाडीतून. २०२७ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पुरी होतात. त्यानंतर गाडी तपासून घ्यावी लागते, ती योग्य ठरली तरच पुढची पाच वर्षे मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून मोटारगाडीसाठी त्याचे शुल्कही ६०० वरून ५००० रुपये झाले आहे. इंजिन ठणठणीत आहे, काळजी आहे ती पत्र्याची. पत्रा गेला तर इंजिन घेऊन काय करायचे?

आता गंज येतो कुठून ते पाहू. आपल्या भागातल्या बागाईतदाराची गाडी नुसती माणसे वाहत नाही. तिच्यात खताची पोती येतात, फवारणीची पिंपे येतात, आंबिया बहार तुटला की संत्र्याचे क्रेट येतात. त्यातले म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा चुलतभाऊ. पोत्यातून सांडलेले चार दाणे हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पत्र्यावर खारट ओल धरून बसतात. दुसरे म्हणजे बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे प्रमाण संत्रेवाल्या घरातल्या मुलांनाही पाठ असते. मिश्रण बरोबर झाले का हे बघायला आपण त्यात लोखंडी विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. पण तो थर चढतो म्हणजे काय होते? मोरचुदातले तांबे विळ्यावर बसते आणि विळ्याचे लोखंड विरघळून पाण्यात जाते. नुसत्या मोरचुदाचे पाणी गाडीत सांडले आणि रंग उडालेला असला, तर तळाच्या पत्र्याचेही तेच होते. (शाळेतल्या मुलांना हा प्रयोग करून दाखवण्यासारखा आहे. खिळा आणि चिमूटभर मोरचूद पुरते, फक्त नंतर हात धुवायला लावा.)

आणि हिवाळाच का? पावसाळ्यात पाणी पडते आणि वाहून जाते. हिवाळ्यात दव पडते, ते वाहत नाही. दिवसभर रस्त्याची धूळ बसते, खताची भुकटी बसते, रात्री त्यावर दव येते, आणि सकाळी नऊपर्यंत तो पातळ चिखल रंगावर तसाच असतो. रोज थोडे, असे तीन महिने.

माझी धाकटी बहीण कॅनडात असते. तिच्याकडे हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकांनी उडून गाडीखाली चिकटते आणि वेळेवर धुतले नाही तर चांगली गाडी काही वर्षांत खालून पोखरून जाते. फोनवर ती म्हणाली, "दादा, नुसते मेण लावू नकोस. आधी सीलंट लाव, मग मेण." कारण विचारले तर म्हणाली, इथे सगळे तसेच करतात. एवढ्या उत्तरावर माझे समाधान होईना, म्हणून मी मागे लागून ते समजून घेतले.

दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत. गाडीचे चांगले मेण कार्नोबा नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरून काढतात. हे झाड ब्राझीलच्या ईशान्य भागात होते. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून ते आपल्या पानांवर मेण चढवते. हे मेण साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते, मधमाशीचे ६२ ते ६४ ला. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या छताला हात लावून पाहा, म्हणजे मधमाशीचे मेण एकट्याने का टिकणार नाही ते कळेल. सीलंट मात्र कारखान्यात बनवलेले पॉलिमर असते. ते रंगाला घट्ट धरते आणि चार-सहा महिने राहते. मेणाची चकाकी जास्त, पण आयुष्य थोडे. धुण्याच्या पद्धतीप्रमाणे काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने.

म्हणून क्रम महत्त्वाचा. सीलंटला उघडा, स्वच्छ रंग लागतो. आधी मेण लावले तर सीलंट मेणाला धरतो, आणि मेण गेले की त्याच्याबरोबर तोही जातो. उलट सीलंटवर मेण चढवले तर झीज मेणाची होते आणि खालचा थर टिकतो. पण सीलंट लावल्याबरोबर मेण लावायचे नाही. त्याला वाळून पक्का व्हायला बहुधा एक दिवस लागतो (डब्यावर काय लिहिले आहे ते पाहावे), नाहीतर मेणातला द्रव कच्च्या थराला सैल करतो. घराला रंग देताना पहिला हात वाळू देतो ना, तसेच. थरही पातळ हवा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसताना हात मात्र दुखतात.

मेणाचा विषय संत्रेवाल्याला नवा नाही, हे मला नंतर लक्षात आले. काटोल-वरूडकडे फळ धुऊन त्यावर मेणाचा लेप देणारी केंद्रे आहेत. धुताना संत्र्याचे स्वतःचे मेण निघून जाते, मग ते लांबच्या बाजारात पोहोचेपर्यंत सुकते. फळांच्या अशा लेपांत हेच कार्नोबा असते, कधी लाखेपासून केलेले शेलॅक असते. फरक एवढाच की फळ जिवंत असते, त्याला श्वास घ्यावा लागतो. लेप जाड झाला तर आत कोंडून चव बिघडते. गाडीला श्वासाची गरज नाही, तिथे ओल आत जाऊच नये हे बरे.

सीलंट आणि मेण हे मात्र फक्त वरच्या, धड असलेल्या रंगासाठी. गंज धरला असेल तर त्यावर मेण लावून काही उपयोग नाही, आत गंज आपले काम करतच राहतो. आमच्या गाडीच्या मागच्या चाकावरचा भाग आणि तळ आधी पॉलिश पेपरने घासला, रेड ऑक्साइड मारला, मग रंग दिला. दारांच्या खालच्या काठाला बारीक भोके असतात, ती मातीने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. पाणी दारातच साठले तर बाहेरच्या चकाकीला अर्थ नाही. खालच्या बाजूला जळके ऑईल फवारण्याची जुनी पद्धत आहे. मला ती पटत नाही. ऑईल रबराचे भाग फुगवते आणि वर धूळ धरून ठेवते. त्यापेक्षा खाली लावायचे जे काळे कोटिंग मिळते ते बरे. आणि पोत्यांखाली जाड रबरी चटई टाकून ती दर आठवड्याला उचलून धुणे हे सगळ्यांत स्वस्त.

सिरॅमिक कोटिंग करून घ्या, असेही एकाने सुचवले. ते खरेच जास्त टिकते, पण त्याला हजारांत पैसे मोजावे लागतात, आणि चौदा वर्षांच्या ओरखडलेल्या रंगावर ते करणे म्हणजे फाटक्या धोतराला जरीची किनार. सीलंटची बाटली आणि मेणाचा डबा मिळून मला हजार रुपयांच्या आत पडले, आणि अजून निम्मे शिल्लक आहे.

मी पहिल्या दिवशी बॉनेटवर फडके फिरवत होतो तेव्हा बाबा ओसरीवरून म्हणाले, "काय लावून रायला रे तिले? एवढ्या पैशात ढेपेचं पोतं आलं असतं." मग जरा थांबून म्हणाले, "पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले लोणी-हळद लावत होतो आपण, तसंच समज." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः डाव्या बाजूचे दार केले. बंडीच्या लाकडाला जवसाचे तेल पाजण्याचा हात आहे तो. तेल थोडे घ्यायचे आणि जिरवायचे. माझ्यापेक्षा त्यांचा थर पातळ आणि सारखा बसला.

वेळापत्रक मी आपल्या सणांवर बसवले आहे. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करतोच, त्याच आठवड्यात सीलंट. पूजेची हळद आणि टायरखालच्या लिंबाचा रस उडाला असेल तर आधी पुसून घ्यायचा. दिवाळीला मेण, संक्रांतीला पुन्हा मेण. होळीआधी एकदा हात फिरवला तर रंगही लवकर निघेल असे वाटते. काम सकाळी अकरानंतर करावे, दव पूर्ण वाळलेले असते आणि पत्रा फार गार नसतो. सावली हवी, पण आंब्याची नको. मोहरावर तुडतुडे आले की खाली सगळे चिकट होते.

थर संपला कधी हे दवच सांगते. सकाळी बॉनेटवर पाण्याचे गोल मणी उभे असले तर मेण आहे. पाणी पसरून चपटे झाले तर लावायची वेळ आली.

कोणाला करून पाहायचे असेल तर रविवारी अकराच्या पुढे आमच्याकडे या, मोटारसायकल असली तरी चालेल, उरलेल्या डब्यात तीन-चार गाड्या सहज होतील. येताना मात्र गाडी भांड्यांच्या साबणाने धुऊन, पुसून आणा. जुना तेलकटपणा त्याने निघतो. नंतर मात्र तो साबण गाडीला लावू नका, तो मेणही तितक्याच प्रामाणिकपणे काढतो. जुने मऊ सुती धोतर घरात असेल तर तेही आणा, आमचे संपत आले आहे.